ब्रेक दाबल्यावर ६,५२८ अँपिअर: डीबीसी फाइल तपासावी कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याकडे एका विद्युत तीनचाकी मालवाहू गाडीचा कॅन लॉग आहे, म्हणजे गाडीतील यंत्रे कॅन या सामाईक तारेवरून एकमेकांना जे मेसेज पाठवतात त्यांची नोंद, आणि बॅटरी व मोटर कंट्रोलर पुरवणाऱ्या कंपनीने दिलेली, त्या मेसेजांचा अर्थ सांगणारी एक डीबीसी फाइल आहे. ती फाइल लावून लॉग डिकोड केला, तेव्हा बॅटरीचे तापमान आणि गाडीचा वेग पटण्यासारखे दिसले. मोटरच्या आरपीएमचा आलेख मात्र करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो, ब्रेक दाबताक्षणी बॅटरीचा प्रवाह ६,५२८ अँपिअर दाखवतो, सेलच्या व्होल्टेजचा आकडा सतत उड्या मारतो, आणि लॉगमध्ये डोळ्यांना दिसणारे काही मेसेज तर डिकोड होतच नाहीत. ‘फाइल चुकीची आहे की माझे सॉफ्टवेअर? आणि फाइल चुकीची असेल तर ती मी नव्याने बनवावी का?’ असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर लगेच देता येते. सॉफ्टवेअर क्वचितच दोषी निघते. डिकोड करणे म्हणजे ठरावीक बिट उचलणे, त्यांची संख्या बनवणे, एका आकड्याने गुणणे आणि दुसरा मिळवणे एवढेच असते. हे गणित कॅनटूल्स, सॅव्हीकॅन, बसमास्टर किंवा महागडी व्यावसायिक साधने सगळीच सारख्या पद्धतीने करतात. खात्री हवी असल्यास तीच फाइल दुसऱ्या एखाद्या साधनात उघडून पाहावी. आकडे तेच आले तर सॉफ्टवेअरचा विषय तिथेच संपतो. ‘फाइल चूक की बरोबर’ हा प्रश्न मात्र मी जरा बदलून घेईन, कारण कोणतीही डीबीसी फाइल सबंध चूक किंवा सबंध बरोबर नसते. तिच्यात शेकडो सुटी विधाने असतात आणि प्रत्येक विधान वेगळे तपासावे लागते. तुमच्या फाइलीतील तापमान आणि वेगाची विधाने बहुधा बरोबर आहेत, उरलेल्या चार तक्रारींची कारणे मात्र चार वेगवेगळी असावीत. म्हणून सगळ्यांवर एकच उपाय शोधू नका.

हे विधानांचे प्रकरण कुठून येते ते आधी सांगतो. बॉश कंपनीने १९८६ मध्ये वाहन अभियंत्यांच्या एसएई या संघटनेच्या डेट्रॉइटमधील परिषदेत कॅन जगापुढे मांडले आणि १९९३ मध्ये ते आयएसओ ११८९८ या मानकात आले. परंतु कॅनच्या तारेवरून जाते ते फक्त एक ओळखक्रमांक आणि जास्तीत जास्त आठ बाइट. कॅनची पुढची आवृत्ती, कॅन एफडी, असेल तर चौसष्टपर्यंत. त्या बाइटमध्ये आरपीएम आहे की तापमान, हे तारेवर कुठेच लिहिलेले नसते आणि मूळ मानकही त्याबद्दल काही बोलत नाही. अर्थ सांगणारी डीबीसी ही व्हेक्टर या जर्मन कंपनीची फाइलपद्धती आहे, आणि पुढे सगळ्यांची साधने ती वाचू लागल्यामुळे ती उद्योगाची बोली झाली. आत पाहिले तर ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. प्रत्यक्षात असे घडते की बॅटरीच्या फर्मवेअरचा (म्हणजे तिच्या आत बसवलेल्या सॉफ्टवेअरचा) अभियंता एका एक्सेल तक्त्यात सिग्नलची, म्हणजे आरपीएम, तापमान अशा प्रत्येक मोजमापाची, यादी ठेवतो आणि दुसराच कोणीतरी त्या तक्त्यावरून डीबीसी टाइप करतो. मी पाहिलेल्या बहुतेक चुका या दोन माणसांच्या मधल्या जागेत जन्मलेल्या आहेत.

आता एक ओळ जवळून पाहू. ट्रक आणि बसमध्ये चालणाऱ्या जे१९३९ या पद्धतीतील इंजिनच्या वेगाचे उदाहरण घेतो, कारण ते सर्वांना पडताळता येते. प्रत्यक्ष फाइलीत हे सारे रोमन लिपीत असते, इथे देवनागरीत लिहितो:

एसजी_ इंजिनस्पीड : २४|१६@१+ (०.१२५,०) [०|८०३१.८७५] "आरपीएम"

यातील २४ हा सुरुवातीचा बिट आणि १६ ही लांबी. बाइट शून्यापासून मोजतात, म्हणून चोविसावा बिट हा तिसऱ्या क्रमांकाच्या बाइटचा सर्वात खालचा बिट होतो. @ नंतरचा १ म्हणजे इंटेल क्रम, अर्थात कमी किमतीचा बाइट आधी. तिथे ० असता तर मोटोरोला क्रम, अर्थात मोठ्या किमतीचा बाइट आधी. अधिक चिन्ह म्हणजे बिटांतून थेट येणारी कच्ची संख्या ऋण होऊ शकत नाही. कंसातील पहिला, गुणायचा आकडा फॅक्टर, दुसरा, मिळवायचा आकडा ऑफसेट, आणि चौकटी कंसात किमान व कमाल मर्यादा. इंजिन आयडलवर ७०० आरपीएमने फिरत असेल तर त्या दोन बाइटमध्ये २२४ आणि २१ हे आकडे दिसतील. २१ गुणिले २५६ अधिक २२४ म्हणजे ५,६००, आणि त्याला ०.१२५ ने गुणले की ७००. हे एवढे गणित कागदावर एकदा स्वतः करून पाहावे असा माझा आग्रह असतो. ज्याने ते केले आहे त्याला पुढच्या चारही तक्रारी आलेखाकडे पाहूनच ओळखू येतात.

पहिली तक्रार आरपीएमच्या करवतीची. तुम्ही दिलेल्या ओळीत सुरुवातीचा बिट १६, लांबी १६ आणि पुढे @१+ असे आहे. म्हणजे फाइलीच्या मते दुसऱ्या व तिसऱ्या बाइटमध्ये इंटेल क्रमाने आरपीएम ठेवलेला आहे. कंट्रोलर तो प्रत्यक्षात मोटोरोला क्रमाने पाठवत असेल तर काय होईल ते पाहा. खरा आरपीएम १,५०० असताना बाइट ५ आणि २२० असे येतील, कारण ५ गुणिले २५६ अधिक २२० म्हणजे १,५००. तुमची फाइल ते उलटे वाचेल आणि ५६,३२५ दाखवेल. खरा आरपीएम एकने वाढला की त्या दोहोंतील नंतरचा बाइट २२१ होईल, आणि तुमचा आकडा एकदम २५६ ने वाढेल. असे चढत चढत खरा आरपीएम १,५३५ ला पोहोचला की बाइट ५ आणि २५५ होतात व तुम्हाला ६५,२८५ दिसते. पुढच्याच क्षणी १,५३६ झाले की बाइट ६ आणि ० होतात आणि तुमचा आकडा ६ वर कोसळतो. करवतीचा दाता तो हाच. मोटर सावकाश वेग घेत असताना आलेख असा सरळ चढून कडेलोट होत असेल, तर बाइटांचा क्रम उलटा आहे असे मी जवळजवळ पैजेवर सांगेन.

तरीही फाइल बदलण्यापूर्वी कच्चे बाइट पाहा. गाडी हळूहळू वेग घेत आहे असा पाच-दहा सेकंदांचा तुकडा लॉगमधून काढा आणि ते दोन बाइट शेजारीशेजारी ठेवा. ज्या बाइटचा आकडा गरगर फिरतो तो कमी किमतीचा, आणि जो अधूनमधून एकने सरकतो तो जास्त किमतीचा. घड्याळातील सेकंदकाटा आणि मिनिटकाटा ओळखण्याइतके हे सोपे आहे. दुसरा बाइट मिनिटकाट्यासारखा आणि तिसरा सेकंदकाट्यासारखा चालत असेल तर क्रम मोटोरोला. या चुका चाचणी-टेबलवर का सापडत नाहीत याचेही उत्तर इथेच आहे: मोटर बंद असताना दोन्ही बाइट शून्य असतात आणि शून्य कोणत्याही बाजूने वाचले तरी शून्यच येते. ‘टेबलवर सगळे बरोबर दिसत होते’ असे पुरवठादार म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, त्याने मोटर फिरवलेली नसते एवढेच.

यापुढचा खड्डा मात्र खोल आहे आणि त्यात मीही पडलो आहे. क्रम उलटा आहे असे कळल्यावर माणूस फाइलीत @१ च्या जागी @० करतो आणि बाकी ओळ तशीच ठेवतो. आता आलेख पहिल्यापेक्षाही विचित्र येतो, आणि मग ‘म्हणजे क्रम बरोबरच होता’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. कारण असे की डीबीसी फाइलीत इंटेल सिग्नलचा सुरुवातीचा बिट हा सर्वात कमी किमतीचा बिट असतो, तर मोटोरोला सिग्नलचा सुरुवातीचा बिट हा सर्वात जास्त किमतीचा असतो. दुसऱ्या बाइटचा सर्वात वरचा बिट म्हणजे २ गुणिले ८ अधिक ७, अर्थात २३. म्हणून बरोबर ओळ २३|१६@०+ अशी होते. तुम्ही १६|१६@०+ असे लिहिले तर साधन दुसऱ्या बाइटचा फक्त शेवटचा बिट घेईल, मग तिसरा बाइट संपूर्ण घेईल आणि उरलेले सात बिट चौथ्या बाइटमधून उचलेल. गंमत अशी की पुरवठादाराच्या एक्सेल तक्त्यात याच सिग्नलपुढे बहुधा २४ लिहिलेले असते, कारण तक्ता करणारे बरेच जण मोटोरोला सिग्नलचाही कमी किमतीचाच बिट लिहितात आणि काही साधने पडद्यावर तसेच दाखवतात. म्हणजे एकाच सिग्नलसाठी १६, २३ आणि २४ हे तीन आकडे तीन कागदांवर दिसू शकतात. तक्ता हातात आला की ‘तुमचा सुरुवातीचा बिट वरचा की खालचा?’ हे मी लेखी विचारून घेतो.

दुरुस्ती बरोबर झाली हे ठरवायला तुमच्या गाडीत एक सोय आहे. अशा तीनचाकीत बहुधा एकाच गुणोत्तराचा गिअरबॉक्स असतो, त्यामुळे मोटरचा आरपीएम भागिले गाडीचा वेग हे प्रमाण संपूर्ण लॉगभर जवळजवळ स्थिर राहिले पाहिजे. समजा गुणोत्तर १०:१ आहे आणि चाकाचा घेर दीड मीटर आहे. ताशी ३० किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५०० मीटर, चाकाचे सुमारे ३३३ फेरे, आणि मोटरचे ३,३३३. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण ते गाडीच्या माहितीपत्रकात मिळतील. हे प्रमाण स्थिर आले पण अपेक्षेच्या दुप्पट किंवा निम्मे आले, तर क्रम सुधारला आणि फॅक्टर चुकलेला राहिला असे समजावे. रिव्हर्समधील एक तुकडाही तपासा. काही कंट्रोलर उलट फिरताना आरपीएम ऋण पाठवतात, काही दिशेसाठी वेगळा बिट ठेवतात.

रिव्हर्सचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या तक्रारीकडे, म्हणजे त्या ६,५२८ अँपिअरकडे वळू. या तीनचाकीच्या तारा एवढ्या प्रवाहाने केव्हाच वितळल्या असत्या, तेव्हा आकडा खोटा हे उघड आहे. पण तो कसा खोटा आहे हे पाहण्यासारखे आहे. फॅक्टर ०.१ आहे असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे कच्चे मूल्य ६५,२८६ च्या आसपास आहे. सोळा बिटांची कमाल ६५,५३५. इतक्या वरच्या टोकाला चिकटलेला आकडा दिसला की तो बहुधा ऋण असतो: ६५,२८६ वजा ६५,५३६ म्हणजे उणे २५०, आणि त्याला ०.१ ने गुणले की उणे २५ अँपिअर. ब्रेक दाबल्यावर मोटर जनित्र बनते आणि थोडा प्रवाह बॅटरीत परत येतो. उणे २५ हा आकडा त्या घटनेला अगदी शोभणारा आहे. म्हणजे ओळीतील अधिक चिन्हाच्या जागी उणे चिन्ह हवे. शिवाय या पुरवठादाराकडे बॅटरीतून बाहेर जाणारा प्रवाह धन आणि आत येणारा ऋण मानतात, हेही यातून कळले. दुसरा एखादा पुरवठादार नेमके उलटे मानू शकतो, आणि दोघांच्या बॅटऱ्या एकाच गाडीत आलटूनपालटून बसणार असतील तर हा फरक आजच टिपून ठेवा.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेली एक गोष्ट आहे. ऋण संख्या पाठवण्याची दुसरीही रीत आहे: संख्या धनच ठेवायची आणि ऑफसेट मोठा ऋण द्यायचा, उदाहरणार्थ उणे १,०००. कोणती रीत आहे ते ओळखण्यासाठी गाडी चालू पण उभी असतानाचे कच्चे मूल्य पाहा. ते शून्याच्या आसपास असेल तर उणे चिन्हाची रीत, आणि दहा हजार किंवा बत्तीस हजार अशा मधल्याच एखाद्या आकड्यावर बसलेले असेल तर ऑफसेटची. तुमच्याकडे उभ्या गाडीत दोन-तीन अँपिअर दिसतात, म्हणून ऑफसेटची शक्यता मी सोडून देतो.

काही जण अशा वेळी चौकटी कंसातील कमाल मर्यादा ३०० करून ठेवतात, म्हणजे वेडेवाकडे आकडे गाळले जातील अशी त्यांची आशा असते. बहुतेक साधने डिकोड करताना त्या मर्यादेकडे पाहतही नाहीत, आणि जिथे पाहतात तिथे चूक झाकली जाते. ब्रेक दाबल्यावरचा ऋण प्रवाह हीच तर तुमच्या पुनर्भरणाची माहिती आहे. ती गाळून टाकली तर बॅटरीत परत किती आले हे कधीच कळणार नाही. चिन्ह सुधारल्यावर फॅक्टरची पडताळणीही याच सिग्नलवरून होते. लॉगमधील प्रवाहाची वेळेनुसार बेरीज करून किती अँपिअर-तास गेले ते काढा आणि बॅटरीचे चार्ज किती टक्के उतरले त्याच्याशी ताडून पाहा. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून २० गेले असतील तर चार्ज सुमारे वीस टक्क्यांनी उतरलेले असावे. दहापट फरक आला तर दशांशचिन्ह हलले आहे.

सेलच्या व्होल्टेजची तक्रार त्यामानाने सोपी आहे. सोळा सेलचे व्होल्टेज प्रत्येकी दोन बाइट धरले तर बत्तीस बाइट होतात आणि मेसेजमध्ये जागा आठच. म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, एकाच ओळखक्रमांकाखाली पाळीपाळीने वेगवेगळे गट पाठवते: पहिल्या बाइटमध्ये गटाचा क्रमांक आणि पुढे तीन सेलचे आकडे. याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. डीबीसीमध्ये गटक्रमांकाच्या सिग्नलपुढे मोठा एम आणि गटातील सिग्नलपुढे छोटा एम व गटाचा आकडा लिहावा लागतो. ते लिहिलेले नसेल तर साधन पहिल्या सेलच्या नावाखाली पहिला, चौथा, सातवा असे सगळे सेल एकामागून एक दाखवत राहते आणि आकडा उड्या मारतो असे वाटते. मेसेजचा पहिला बाइट ०, १, २ असा क्रमाने फिरत आहे का ते पाहा. फिरत असेल तर निदान झाले. मात्र प्रत्येक मेसेजमध्ये एकने वाढणारा चार बिटांचा आकडा अनेकदा केवळ ‘मी जिवंत आहे’ हे सांगणारा गणक असतो. तो १५ पर्यंत जाऊन शून्यावर येतो आणि त्याच्याबरोबर पुढच्या बाइटचा अर्थ बदलत नाही. दोघांची गल्लत करू नका. दुरुस्तीनंतर सोळा सेलची बेरीज पॅकच्या एकूण व्होल्टेजइतकी येते का, एवढी एकच चाचणी पुरेशी आहे.

डिकोड न होणाऱ्या मेसेजांबाबत मी तुमच्याइतकाच अंधारात आहे, कारण ओळखक्रमांक तुम्ही दिलेले नाहीत. तरी माझा पहिला संशय एकोणतीस बिटांच्या क्रमांकांवर आहे. कॅनमध्ये अकरा बिटांचे आणि एकोणतीस बिटांचे असे दोन प्रकारचे क्रमांक चालतात, आणि डीबीसीमध्ये एकोणतीस बिटांचा क्रमांक लिहिताना त्यात २,१४,७४,८३,६४८ मिळवावे लागतात. सर्वात वरचा बिट ‘हा विस्तारित क्रमांक आहे’ अशी खूण म्हणून वापरतात. वरच्या इंजिनच्या मेसेजचा तारेवरचा क्रमांक दशमानात २१,७०,५६,२५६ आहे, पण फाइलीत तो २,३६,४५,३९,९०४ असा दिसतो. हाताने फाइल लिहिणारा हे मिळवायला विसरतो. मग काही साधने संपूर्ण फाइलच नाकारतात, आणि काही मुकाट्याने तो मेसेज सोडून देतात. तुमचे दुसऱ्या जातीचे दिसते. ही चूक नसेल तर जे१९३९ मध्ये क्रमांकाचे शेवटचे आठ बिट पाठवणाऱ्या यंत्राचा पत्ता असतात हे लक्षात घ्या: फाइलीत एक पत्ता आणि गाडीत दुसरा असेल, तर पूर्ण क्रमांक जुळवणाऱ्या साधनाला मेसेज ओळखता येणार नाही. तेही नसेल तर ते मेसेज फाइलीत मुळातच नाहीत. पुरवठादार आपल्या अंतर्गत तपासणीचे मेसेज ग्राहकाच्या फाइलीतून काढून टाकतात आणि तसा त्यांना हक्क आहे. लॉगमधील सर्व क्रमांकांची एक यादी आणि फाइलीतील क्रमांकांची दुसरी यादी करून दोन्ही ताडून पाहिल्या की दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होते.

आतापर्यंतच्या चुका ओरडून सांगणाऱ्या होत्या. मला भीती वाटते ती न ओरडणाऱ्यांची. आमच्या एका प्रकल्पात बॅटरी ऐंशी टक्क्यांवर चार्ज होऊन थांबू लागली. आलेख सुबक होता, कुठे उडी नाही, कुठे खंड नाही. म्हणून चार्जरवर संशय घेऊन आम्ही दोन दिवस चार्जर उलटापालटा केला. शेवटी कळले की बीएमएसच्या नव्या फर्मवेअरमध्ये चार्जच्या टक्केवारीचा फॅक्टर ०.४ वरून ०.५ झाला होता आणि आमच्याकडे जुनी फाइल होती. पूर्ण भरलेली बॅटरी कच्चे मूल्य २०० पाठवत होती. जुन्या फाइलीने त्याचे ऐंशी केले. तेव्हापासून फाइलीच्या नावात मी तारीख नव्हे तर ती ज्या फर्मवेअरसाठी आहे त्याची आवृत्ती लिहितो. तुमचे तापमान आणि वेग ‘पटण्यासारखे’ दिसतात म्हणून त्यांनाही सोडू नका: वेग जीपीएसशी, तापमान रात्रभर उभ्या गाडीत सकाळी साध्या तापमापकाशी एकदा ताडा.

अशीच एक शांत चूक ‘माहिती उपलब्ध नाही’ या खुणेची. जे१९३९ मध्ये सेन्सर नसेल तर त्या जागेतले सगळे बिट एक करून पाठवतात. डिकोड केल्यावर इंजिनचा वेग ८,१९१.८७५ दिसतो आणि शीतकाचे तापमान २१५ अंश. हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण दर वर्षी कोणीतरी ‘इंजिन तापले’ म्हणून ते घेऊन येते. आणि एक किरकोळ पण डोके उठवणारी गोष्ट: डीबीसी फाइली बहुधा विंडोज-१२५२ या जुन्या अक्षरसंचात जतन होतात, त्यामुळे यूटीएफ-८ समजून उघडल्या की अंशाच्या चिन्हाचा कचरा होतो. आमच्या एका सहकाऱ्याने मोठ्या उत्साहाने सिग्नलांवरची टिपणे मराठीत लिहिली होती. दुसऱ्या साधनातून फाइल जतन होऊन आली तेव्हा तिच्यात ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे होती.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, नवी फाइल बनवावी का. पुरवठादार अस्तित्वात आहे आणि फोन उचलतो, तोवर बनवू नये असे माझे मत आहे. त्याची मूळ फाइलही हाताने दुरुस्त करू नये. आज तुम्ही चार ओळी सुधाराल, महिन्याने तो नवी आवृत्ती पाठवेल, आणि तुमच्या चारपैकी दोनच दुरुस्त्या त्याने केलेल्या असतील. मग कोणती ओळ कोणाची हे तुम्हालाही आठवणार नाही. मी मूळ फाइल फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये जशीच्या तशी ठेवतो आणि एक छोटी पायथन स्क्रिप्ट तिच्यावर दुरुस्त्या लावते. प्रत्येक दुरुस्तीपुढे कारण आणि पुरावा म्हणून लॉगमधील एक फ्रेम, म्हणजे एक संपूर्ण मेसेज. नवी आवृत्ती आली की स्क्रिप्ट पुन्हा चालवायची. जोडीला वीस-पंचवीस फ्रेम आणि त्यांची अपेक्षित उत्तरे जपून ठेवायची, म्हणजे फाइल बदलताच कोणते उत्तर हलले ते मिनिटात समजते. फाइलीवरून सी कोड बनवून तो कुठल्या यंत्रात टाकला असेल तर तोही पुन्हा बनवायला विसरू नका. फाइल मुळीच मिळत नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा एका वेळी एकच क्रिया करून कोणते बिट हलतात ते पाहत बसण्याला पर्याय नाही, आणि तेही फक्त ऐकण्याच्या मोडमध्ये. चालत्या गाडीच्या कॅनवर अंदाजाने मेसेज पाठवू नयेत. टेबलवर एकटी बीएमएस आणि फक्त ऐकणारा अडॅप्टर एवढेच जोडले असेल, तर मेसेज मिळाल्याची पोच द्यायला कोणीच नसल्यामुळे ती एकच मेसेज पुन्हापुन्हा पाठवत राहते; तो फाइलीचा दोष समजू नका. पुरवठादाराची फाइल गोपनीयतेच्या कराराखाली असेल तर ती मदतीसाठी जाहीर ठिकाणी चिकटवू नका, इथेही नाही.

पुरवठादाराला लिहिताना आलेखाचे छायाचित्र पाठवू नका. छायाचित्र पाठवले की ‘केबल तपासा’ असे उत्तर येते. त्याऐवजी प्रत्येक तक्रारीसाठी एक फ्रेम लिहा: वेळ, ओळखक्रमांक, आठही बाइट, त्या क्षणी गाडी काय करत होती, त्याच्या फाइलीतील ओळ, त्या ओळीने येणारे उत्तर आणि तुम्हाला अपेक्षित असलेले उत्तर. प्रवाहाच्या बाबतीत हे चार ओळींत मावते: ब्रेक दाबलेला, कच्चे मूल्य ६५,२८६, तुमच्या फाइलीप्रमाणे ६,५२८.६, चिन्ह बदलल्यास उणे २५. अशा पत्राला त्यांच्या फर्मवेअरचा अभियंता स्वतः उत्तर देतो, आणि बहुधा पुढची दुरुस्त फाइलही तोच पाठवतो.